दाभणाने पाडलेली भोकं

फोम हा खोटा माल आहे, हे मी तीस वर्षं सांगत आलोय. दाबला की दबतो आणि सोडला की वर येतो, काही झालंच नाही असं दाखवतो. माझा धंदा सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटांच्या गादीकामाचा, तेव्हा खोट्या मालाची पारख आपल्याला आहे असं मी धरून चाललो होतो. मग आमच्या बाईने नेमबाजी सुरू केली आणि मी स्वतः काय माल आहे ते मला कळलं.

बाई म्हणजे माझी बायको. ती शाळेत गणित शिकवते. मुलं तिला बाई म्हणतात, मुलांचे आईबाप बाई म्हणतात, दूधवाला बाई म्हणतो, आणि लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर मीही बाईच म्हणतो. तिचा डावा हात चार वर्षांपूर्वी गेला. गेला म्हणजे जागेवर आहे, पण खांद्यापासून खाली त्यात जीव नाही. वळणावर वाळू पडली होती, स्कूटर घसरली. स्कूटर मी चालवत होतो. मला गुडघ्याला खरचटलं.

त्यावरून ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळे झालो असतो. ती बोलत नाही म्हणून मी घरभर फिरून उपकार करत राहिलो. बाटल्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवायची, तिच्या ड्रेसची बटणं काढून आतून चिकटपट्टी लावायची, भाजी चिरून ठेवायची आणि वर म्हणायचं, "सहज वेळ होता." सहज कसला वेळ, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं.

सुरुवात झाली दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीपासून. खुर्चीचं कातडं फाटलं होतं, म्हणून दवाखाना बंद असताना एका शनिवारी मी ती उसवायला घेतली. शाळेला सुटी होती, बाईही सोबत आली होती. या डॉक्टरांना सगळे कर्नल म्हणतात. सैन्यात ते कधीच नव्हते. मिशा आहेत, आणि ते 'उघडा' म्हणाले की माणूस निमूट तोंड उघडतो, तेवढ्यावर त्यांना ही पदवी मिळाली. भिंतीवर त्यांच्या प्रमाणपत्रांच्या मधोमध एक कागद फ्रेम करून लावला होता. त्यावर काळी वर्तुळं, आणि अगदी मध्यभागी तळहाताएवढ्या जागेत दहा भोकं.

"किती लांबून?" बाईने विचारलं.

"सहाशे मीटर."

इथे लोक 'बापरे' म्हणतात. मीही म्हणालो. बाई चष्मा सारखा करून कागदाजवळ गेली आणि म्हणाली, "मग वाऱ्याचं काय करता?"

कर्नल आपल्या फिरत्या स्टुलावर बसले. "पंचवीस वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्यांदा कुणीतरी विचारतंय."

"पहिल्यांदा कुणी विचारला?"

"मीच."

पुढचा पाऊण तास मी खुर्ची उसवत होतो आणि ते दोघं औषधाच्या चिठ्ठ्यांवर गणितं करत होते. गोळी सहाशे मीटर जायला जवळजवळ एक सेकंद घेते, तेवढ्यात साधी झुळूकसुद्धा तिला वीतभर बाजूला नेते. रायफलवरच्या दुर्बिणीला एक चक्री असते, ती एक खटका फिरवली की गोळी सहा सेंटिमीटर सरकते. वारा बघायचा, मनात हिशोब करायचा, तेवढे खटके द्यायचे आणि मग घोडा दाबायचा. शेवटी कर्नलनी विचारलं, "उजव्या हाताचं बोट चालतं ना?"

"चालतं."

"मग रविवारी आमच्या नेमबाजी क्लबवर या."

घरी येताना मी म्हणालो, "अगं, एका हाताने रायफल कशी धरणार?"

"धरायची नसतेच. ती पुढे स्टँडवर आणि मागे पिशवीवर असते, मी नुसती तिच्या मागे पालथी. तुम्ही ऐकत नव्हता का?" मग बरंच चालून गेल्यावर ती म्हणाली, "चार वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी माझ्या हाताऐवजी दुसरं काहीतरी विचारलं."

मी तेव्हाच गप्प बसून हे नीट ऐकायला हवं होतं. पण मी पिशवीचा विचार करत होतो.

पिशवी म्हणजे रायफलच्या दस्त्याखाली ठेवायची छोटी उशी. बाकीचे लोक डाव्या हाताने ती उशी दाबतात, दाबली की मागची बाजू वर येते आणि नळीचं तोंड खाली जातं. बारीक नेम असा साधतात. बाईला डावा हात नाही, म्हणून मी तिच्यासाठी पाचरीसारखी उशी शिवली, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला उतरती. खांद्याने रायफल रेसभर पुढे ढकलली की नेम वर, मागे घेतली की खाली. आत आधी फोम भरला. त्याने अपेक्षेप्रमाणे उलट उत्तरं दिली. कापूस चार गोळ्यांत बसला. लाकडाचा भुसा एका बाजूला गोळा झाला. शेवटी नदीची जाड वाळू धुऊन, वाळवून, चाळून भरली आणि जाड कॅनव्हासला दुहेरी टाके घातले. दुसरी एक उशी तिच्या डाव्या हातासाठी केली, कारण तो नुसता जमिनीवर पडला की खांदा ओढला जायचा. या दोन उशांचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पालथं पडायलाच तिला पहिले तीन रविवार लागले. आधी गुडघे, मग उजवं कोपर, मग बाकीची बाई. उठताना हाच क्रम उलटा. मी धावलो की ती म्हणायची, "तिथेच थांबा." प्रत्येक गोळीनंतर उजवा हात काढायचा, बोल्ट मागे ओढायचा, उजवीकडच्या लाकडी ठोकळ्यातून नवी गोळी घ्यायची, बोल्ट लावायचा आणि पुन्हा पहिल्यापासून नेम जुळवायचा. बाकीचे मिनिटाला दोन गोळ्या मारत, बाईला एकीला दोन मिनिटं लागत. पण जवळच्या पट्टीवर, शंभर मीटरवर, पावसाळा संपेपर्यंत तिची भोकं एका बशीत मावू लागली.

ती मात्र कंटाळली. "इथे वारा लागतच नाही. म्हणजे नुसतं टिपायचं. टिपायला काय डोकं लागतं?"

लांब पट्टीवर, म्हणजे सहाशे मीटरवर, जायला क्लबच्या समितीची परवानगी लागते. समितीत एक वकील होते, हाडाचे वकील, 'नमस्कार' म्हटलं तरी 'कशावरून' विचारतील असे. त्यांनी हरकत घेतली. मोठी रायफल, धक्का मोठा, एक हात, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? कर्नलनी बरीच रदबदली केली, तेव्हा ठरलं ते असं: बाईने दहा आठवडे कर्नलच्या देखरेखीखाली लांब पट्टीवर सराव करायचा, मग परीक्षा. सहाशे मीटरवर दहा गोळ्या, पन्नासपैकी चाळीस गुण. मिळाले तर लांब पट्टी कायमची. नाही मिळाले तर सहा महिने पुन्हा शंभर मीटरवर, मग वाटल्यास नवा अर्ज. बाईने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि वकिलांची त्याखाली सही घेतली.

आता खंदक समजून घ्या, कारण माझी कर्तबगारी तिथे घडली.

सहाशे मीटरवर पडलेलं भोक वरून कुणालाच दिसत नाही, दुर्बिणीतूनही नाही. म्हणून निशाणाच्या खाली माणूसभर खोल खंदक असतो, पुढे काँक्रीटची भिंत आणि मातीचा बांध. खंदकात एक माणूस बसतो. डोक्यावरून गोळी कडाडत जाते, तो कप्पीने निशाण खाली ओढतो, भोक शोधतो, त्या भोकात दांडी असलेली एक नारिंगी तबकडी खोचतो, आधीच्या भोकावर कागद चिकटवतो, गुणाची पाटी अडकवतो आणि निशाण वर चढवतो. वरून नेमबाजाला ती तबकडी दिसते. त्याला जगाची तेवढीच बातमी असते. गोळी वीतभर डावीकडे गेली असं तबकडी म्हणाली की तो तीन-चार खटके उजवीकडे देतो. सगळी विद्या त्या तबकडीवर उभी आहे.

खंदकातलं काम कंटाळवाणं, कुणालाच नको असतं. मी आपणहून घेतलं. बाईसाठी निदान एवढं तरी.

पहिल्या रविवारी तिची तिसरी गोळी पार डाव्या कडेला गेली. दोन गुण. चौथी तिथेच. पाचवी तर कागदाच्या काठाला चाटून. मी खाली एकटा, हातात तबकडी. वर वकील बाकावर बसून बघताहेत हे मला ठाऊक होतं, आणि आदल्या संध्याकाळी बाई वही उघडून खिडकीशी किती खुशीत बसली होती तेही दिसत होतं. गादीकामवाल्याच्या खिशात दाभण असतंच. मी खऱ्या भोकावर पटकन कागद चिकटवला, दाभणाने हातभर आत, चारच्या वर्तुळात एक नवं भोक पाडलं, गोल, स्वच्छ, अगदी गोळीचं वाटावं असं, त्यात तबकडी खोचली आणि निशाण वर चढवलं.

खंदकाला संचावर 'खाली' अशी हाक मारतात. थोड्या वेळाने बिनतारी संचावर कर्नलचा आवाज आला, "खाली, बाई खूश आहेत."

त्या रविवारी मी चार भोकं पाडली. पुढच्या रविवारी सहा. अति तिथं माती म्हणतात, पण माती दिसायला लागेपर्यंत माणूस थांबत नाही. माझे हात इतके बसले की कुठलं भोक गोळीचं आणि कुठलं दाभणाचं हे मलाही संध्याकाळी सांगता आलं नसतं. बाईचे गुण अडतीस, एकोणचाळीस, एकेचाळीस असे चढत गेले. घरी ती जेवताना बोलायची, ताटावर वारे काढून दाखवायची. मला वाटायचं, चला, माझ्या हातून निदान हे तरी झालं.

दोन रविवार मात्र मी गेलो नाही. एका बसच्या चाळीस सीटा वेळेत द्यायच्या होत्या. त्या दोन दिवसांत तिला एकवीस आणि चोवीस गुण मिळाले. मी तिची समजूत घातली, "होतं असं कधी कधी."

सातव्या आठवड्यात एका संध्याकाळी मी दुकान बंद करून आलो, तर टेबलावर वही उघडी होती आणि समोरची खुर्ची ओढून ठेवलेली होती. शाळेत पालकांना बसवतात तशी.

"बसा," बाई म्हणाली. "मला एक गणित सुटत नाहीये."

मी बसलो.

"हे बघा. प्रत्येक रविवारचा वारा, मी दिलेले खटके आणि तबकडी कुठे आली, सगळं लिहिलंय. या रविवारी उजवीकडून चांगला वारा. मी दोनच खटके दिले, म्हणजे गोळी निदान हातभर डावीकडे जायला हवी. गेली नाही. या रविवारी त्याहून जास्त वारा. तरी तबकडी मधे. आणि हे दोन रविवार, तुम्ही नव्हता. तेव्हा गोळ्या वाऱ्याने जायला हव्यात तिथेच गेल्यात, अगदी सूत्राप्रमाणे." तिने पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही खाली असलात की वारा पडतो. हे कसं, ते मला समजावून सांगा."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या तर मनात भर दुपार होती. मी खिशातून दाभण काढलं आणि टेबलावर ठेवलं. तेवढ्यावर तिला सगळं कळलं. गणिताची बाई, पुढच्या पायऱ्या तिला लिहायला लागत नाहीत.

तिने आवाज चढवला नाही.

"झाकणं मला माहीत आहेत," ती म्हणाली. "चार वर्षं मी सैल झाकणं उघडतेय आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून जोर लावल्याचं नाटक करतेय. ते चाललं. पण ही गोळी कुठे गेली ते मला कळलं नाही तर मी पुढची कशी मारू? सात आठवडे मी चुकीचे खटके पाठ केले. आता उलटं शिकायला तीन आठवडे उरलेत."

"मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"वाटत होतं ना. तेच तर." मग तिचा चेहरा एकदम उतरला. "मला वाटलं, मला येतंय."

सत्तावीस वर्षांत मी तिला रडताना तीनदा पाहिलंय, आणि त्यातलं एक माझ्यामुळे, ते हे. स्कूटरवरून पडल्यावर ती रडली नव्हती. मी म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, हो. मग मी स्कूटरबद्दलही म्हणालो, चार वर्षांनी, पहिल्यांदा. ती म्हणाली, "ती वाळूची चूक होती. ही तुमची आहे. दोन्ही एकत्र करू नका."

तिने कर्नलना काही सांगितलं नाही, घरातलं घरात ठेवलं. पण उरलेले तीन रविवार खंदकात दुसरे लोक गेले, आणि मी वर बाकावर चहाचा थर्मास घेऊन बसलो. पहिल्या रविवारी सव्वीस गुण, दुसऱ्या रविवारी तीस. पाठ झालेले खटके बोटांतून जात नाहीत. हिशोब सात म्हणतो, हात दोनवर थांबतो. तिसऱ्या रविवारी चौतीस. कर्नल मिशा चावत म्हणाले, "आधी इतकं छान चाललं होतं, काय झालं कळत नाही." मी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

परीक्षेच्या दिवशी बाईने सांगितलं, "खंदकात आमचे हे राहतील."

माझी पाचावर धारण बसली. वकील तर उठूनच उभे राहिले. "नवरा? निशाण दाखवायला? हे रीतसर नाही."

"मग तुम्ही सोबत बसा," बाई म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता उशी झटकू लागली.

अशा रीतीने वकील आणि मी खंदकात उतरलो. वकिलांनी इस्त्रीची पँट सांभाळत रुमाल अंथरला आणि त्यावर बसले. मी खिसे उलटे करून दाखवले. त्यांना कारण कळलं नाही.

पहिली गोळी डाव्या बाजूला, तीन. मी तबकडी जिथल्या तिथे खोचली आणि निशाण चढवलं. दोन मिनिटं गेली. दुसरी गोळी आत आली, चार. तिसरी चार. चौथी पाच. वकील म्हणाले, "बऱ्या मारतात की."

पाचव्या वेळी बांधावरचं वारा दाखवणारं फडकं एकदम दुसऱ्या बाजूला वळलं. मला ते खालून दिसलं आणि तिला वरून दिसलं नसावं. गोळी कडाडली. निशाण खाली ओढलं तर भोक पार उजव्या कडेला. दोन गुण. मी तबकडी हातात घेऊन उभा राहिलो. कागदाची मधली सगळी जागा मोकळी होती. बायकोला कडेला गेलेलं दाखवायचं म्हणजे काय ते ज्याने दाखवलंय त्यालाच कळेल. मी ती तबकडी कडेला खोचली आणि निशाण वर सोडलं.

एक मिनिट. दोन मिनिटं. मी मनात तिच्यासोबत हिशोब करत होतो. सहावी गोळी आली. पाच. अगदी मधोमध.

तेव्हा मला समजलं की मी सात आठवडे तिचं काय काढून घेतलं होतं. मी दाखवतो, ती उत्तर देते. सहाशे मीटरवरून ती माझ्याशी बोलत होती, आणि मी पूर्वी तिच्या प्रत्येक प्रश्नाला 'छान, छान' म्हणत बसलो होतो.

सातवी चार. आठवी चार. नववी चार. वकिलांनी खडूने भिंतीवर बेरीज केली: पस्तीस. मग ते रुमालावरून उठले आणि पँटची पर्वा न करता भिंतीला टेकून उभे राहिले. "शेवटच्या गोळीला पाच हवेत," ते हळू आवाजात म्हणाले. कोर्टात ते इतक्या हळू बोलत नसावेत.

दहावी गोळी यायला चार मिनिटं लागली. मग कडकडाट झाला. मी निशाण खाली ओढलं.

भोक पाचच्या वर्तुळाच्या रेषेशी होतं. नियम असा की भोकाची कड रेषेला नुसती चाटली तरी वरचा गुण. मी वाकून बघितलं. उजेडाकडे धरून बघितलं. मग नखाने फाटलेला कागद सारखा करून तिसऱ्यांदा बघितलं. आयुष्यभर मी शिलाई रेषेवर आहे की रेषेबाहेर एवढंच बघत आलोय, त्यात मला कुणी फसवू शकत नाही. भोक आणि रेष यांच्यामधे केसभर पांढरं होतं.

"लागलंय," वकील म्हणाले.

"नाही लागलं."

"अहो, मला लागलेलं दिसतंय. द्या पाच. मी सही करतो." ते माझ्या अगदी जवळ आले होते आणि त्यांचा चष्मा घामाने धुरकट झाला होता. "बाईंना एवढं द्यायला काय जातंय? मीच हरकत घेतली होती, मीच म्हणतोय ना."

खोटं सांगत नाही, माझा हात पाचच्या पाटीवर गेला होता. सही करायला वकील तयार, भोक पाडायची गरज नाही, कुणी कधी विचारणार नाही. तिची लांब पट्टी त्या पाटीवर होती. वरती ती पालथी पडून दुर्बिणीला डोळा लावून वाट बघत होती, आणि मला ते सगळं तिला द्यायचं होतं, दोन्ही हातांनी.

मी चारची पाटी अडकवली आणि निशाण वर चढवलं.

लगेच संच खरखरला. "खाली, चार दाखवताय? दुर्बिणीतून तबकडी रेषेवर दिसतेय. नक्की?"

"नक्की. चार."

कर्नलचं बोट बटणावरच राहिलं असावं, कारण पुढचं आम्हाला ऐकू येत राहिलं. "बाई, एकोणचाळीस होताहेत. तुम्हाला फेरतपासणी मागायचा हक्क आहे. मागा. मी स्वतः खाली जाऊन भिंगाने बघतो. रेषेला लागलं असेल तर चाळीस."

"नको," बाईचा आवाज.

"अहो, नुसतं मागायला काय हरकत आहे? एका गुणासाठी सहा महिने जातील."

"खाली आमचे हे आहेत," बाई म्हणाली. "त्यांनी चार दाखवला म्हणजे चारच आहे. लिहा."

संच बंद झाला. वकील चष्मा पुसू लागले, बराच वेळ पुसत राहिले. मी खंदकाच्या भिंतीला टेकून रडलो. तोंड लपवून नाही, चांगला हमसून रडलो. वकिलांनी त्यांचा रुमाल, ज्यावर ते बसले होते तोच, झटकून मला दिला. त्या माणसाबद्दल मी आधी जे काही म्हटलंय ते परत घेतो.

सहाशे मीटर चालून वर पोचलो तेव्हा बाई उठून बसली होती. गुडघ्यांवर माती होती, गालावर दस्त्याचा वळ. तिने मला आपादमस्तक बघितलं.

"किती बाहेर होतं?"

"केसभर."

"डावीकडे?"

"डावीकडे."

"एक खटका कमी पडला," ती म्हणाली आणि वहीत लिहिलं. मग वकिलांना म्हणाली, "सहा महिन्यांनंतरचा अर्ज आत्ता भरला तर चालतो का?"

वकिलांनी या वेळी कशावरून ते विचारलं नाही. पिशवीतून अर्ज काढून दिला. बाईने तो बाकावर ठेवला, पेन उघडलं आणि पहिल्याच अक्षराला कागद सरकला. ती थांबली.

"कागद धरा," ती मला म्हणाली.

चार वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी बाकाशी गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही हातांनी कागद धरला. तिने तिचं नाव, वय, पत्ता भरला. शारीरिक अडचण या रकान्यात 'डावा हात' एवढंच लिहिलं. खंदकात निशाण कोण दाखवणार, असा शेवटचा रकाना होता. तिथे तिने माझं नाव लिहिलं, शाळेच्या दाखल्यावर लिहितात तसं, सावकाश, वळणदार, माझ्या वडिलांच्या नावासकट पूर्ण.